मेंदूत १४ मिलिमीटरची गाठ: बायोप्सी करावी की तीन महिने थांबून पुन्हा एमआरआय?

पहिल्यांदाच फिट आली, हातापायात कमजोरी नाही, आणि एमआरआयमध्ये अंगठीसारखी कडा चमकणारी एकच छोटी गाठ, असं तुम्ही भावाबद्दल लिहिलंय. आपल्याकडे २० मिलिमीटरच्या आतली अशी गाठ पुष्कळदा पट्टकृमीच्या अळीची किंवा टीबीची निघते. त्यामुळे डॉक्टर थांबा म्हणतायत ते मला पटतं. बायोप्सीत कवटीला भोक पाडून सुईने तुकडा काढतात. रक्तस्रावाचा धोका थोडा असला तरी खरा आहे.

एक मात्र आवर्जून विचारा: लिम्फोमाची, म्हणजे एका प्रकारच्या कॅन्सरची, शंका आहे का? असेल तर बायोप्सीआधी स्टिरॉइड शक्यतो टाळतात. त्याने ती गाठ तात्पुरती विरघळू शकते आणि मग तुकड्यात काहीच न सापडण्याची शक्यता असते.

फिटच्या गोळ्या एक दिवसही चुकवू नका. डोकेदुखीबरोबर उलट्या, झापड, एका बाजूचा हात लुळा पडणं, यातलं काहीही दिसलं तर तीन महिन्यांची वाट न पाहता त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. पुढच्या एमआरआयमध्ये गाठ वाढलेली दिसली, तर बायोप्सीला घाबरून मागे हटू नका.

आणि पुढच्या एमआरआयच्या दिवशी नुसता रिपोर्ट नको, जुनी सीडी सोबत न्या. दोन्ही चित्रं शेजारी ठेवल्यावरच एक-दोन मिलिमीटरचा फरक कळतो.