एकट्या रेफरीनं उभं राहायचं कुठं?

जालन्याच्या शालेय फुटबॉल सामन्यांत रेफरी म्हणून बॉलच्या मागं जीव काढून पळता आणि तरी बाहेरून "सर, लांब होता तुम्ही" ऐकावं लागतं, असं तुम्ही लिहिलंय. मला वाटतं तुम्ही लांब नसता, चुकीच्या बाजूला असता.

बॉलच्या थेट मागं पळणारा रेफरी पाच मीटरवर असला तरी त्याला दिसते डिफेंडरची पाठ. पाय आधी बॉलला लागला की घोट्याला, हे कळायला डिफेंडर आणि बॉल नेणारा या दोघांच्या मधली फट दिसावी लागते, आणि ती बाजूनंच दिसते. पंधरा मीटरवरून दिसत असेल तर जवळ जायची घाई नको. दोघं वळले, फट मिटली, की दोन-तीन पावलं आडवी टाका. तेवढ्यानं भागतं.

कर्णाची पद्धत तुम्हाला शिकवलीच असेल. इंग्लंडचे रेफरी स्टॅन्ली राऊस (१९६१ ते १९७४ फिफाचे अध्यक्ष) यांनी ती रूढ केली. रेफरी एका कोपऱ्याकडून समोरच्या कोपऱ्याकडं तिरका पळतो आणि खेळ शक्यतो त्याच्या व सहायकाच्या (कडेला झेंडा घेऊन धावणाऱ्या रेफरीच्या) मध्ये ठेवतो. नेहमीच्या रचनेत हल्ला करणाऱ्यांची डावी बाजू तुमची, उजवी सहायकाची. पण हा कर्ण काही फक्कीनं आखलेला नसतो. खेळ खेचेल तसा वाकवायचा. फक्त पासच्या वाटेत येऊ नका. तुम्हाला लागून बॉलचा ताबा बदलला, गोल झाला किंवा चांगला हल्ला सुरू झाला, तर २०१९ पासून खेळ थांबवून ड्रॉप बॉल (रेफरीनं बॉल खाली सोडून खेळ पुन्हा सुरू करणं) द्यावा लागतो.

हे सगळं सहायक असतील तर. आपल्याकडं तालुक्याच्या सामन्याला झेंडा एखाद्या पीटीच्या सरांच्या नाहीतर राखीव पोराच्या हातात असतो. त्यांना एवढंच सांगा: बॉल बाहेर गेला की झेंडा वर. ऑफसाइड (बॉल पुढं मारला त्या क्षणी हल्ला करणारा बॉलच्या आणि शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या पुढं होता का) मी बघतो. हे दोन्ही संघांच्या कॅप्टनसमोर सांगा, निम्मी भांडणं तिथंच मिटतात.

मग मात्र तुमची जागा बदलते. हल्ला चढायला लागला की मधोमध न राहता टचलाइनकडं (मैदानाच्या लांब बाजूच्या रेषेकडं) सरका आणि शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या (गोलकीपर धरून) जमेल तितकं सरळीत या. अगदी सरळीत राहणं जमणार नाही, मध्यावरचे फाउल लांबून बघावे लागतील. त्याला इलाज नाही. दम वाचवायची जागा वेगळी आहे: गोलकिक, थ्रो-इन आणि कॉर्नरवरून थेट आलेल्या बॉलला ऑफसाइडच नाही. त्या वेळी सरळीत राहायचा हट्ट सोडा. गोलकिकला बॉल पडेल तिथं आधीच जाऊन बाजूला उभं राहा. शाळेच्या पोरांची किक बहुतेकदा मध्यरेषेच्या अलीकडंच पडते. कॉर्नरला पेनल्टी एरियाच्या (गोलसमोरच्या आखलेल्या चौकटीच्या) कडेला राहा, आत शिरू नका. तिथून उलटा हल्ला निघाला की आत शिरलेला रेफरी मागंच राहतो.

मैदानाचंही बघा. काळ्या मातीचं असेल तर सामन्याआधी चालून या. पाठमोरं पळताना टाच भेगेत गेली की घोटा गेलाच म्हणून समजा. आणि दुसऱ्या हाफपर्यंत फक्की पुसलेली असते, म्हणून पेनल्टी एरियाची १६.५ मीटरची रेषा जिथं संपते तिच्या सरळीत, टचलाइनच्या बरंच बाहेर, दोन्हीकडं पाण्याची बाटली ठेवून द्या. फाउल आत की बाहेर, यावर वाद झाला की नजर टाकायला काहीतरी असतं.

सरावाचं विचारलंत. रोज सकाळी लांब धावणं चांगलंच, पण सामन्यात तेवढ्यानं भागत नाही. वीस-तीस मीटरच्या जोरात धावा, मध्ये चालणं, मग आडवं आणि पाठमोरं पळणं, हे आठवड्यातून दोनदा करा. पळताना मान वर ठेवायची सवयही तेव्हाच लावा.