पार्ममध्ये मावत नाही, मग 40 ओळी द्यायच्या कशा?

प्रश्न : दादा नमस्कार, मी हिंजवडीला मेनफ्रेमवर (कंपन्यांच्या मोठ्या कॉम्प्युटरवर) नवीनच लागलीये, कॉलेजात जावा शिकले आणि इथे कोबॉल हातात पडलं. माझ्या बॅच प्रोग्रामला 40 ब्रँच कोड द्यायचेत, चार-चार आकडी. जेसीएलमध्ये (जॉब कसा चालवायचा त्या सूचनांत) प्रोग्रामला माहिती द्यायची जागा असते ना, त्या पार्ममध्ये कॉमा लावून टाकले तर जॉब चालायच्या आधीच जेसीएल एरर येतेय, ओळ तोडून खाली नेली तरी तेच. काय चुकतंय माझं?
— एक वाचक, कर्वेनगर, पुणे

उत्तर : अगं तुझं काही चुकत नाहीये, पार्मच तेवढासा आहे. त्यात 100 कॅरेक्टर मावतात, तुझे 40 कोड आणि मधले 39 कॉमा मिळून होतात 199, बसणार कुठून! आणि ओळ तोडून फायदा नाही कारण 71व्या कॉलमपर्यंत लिहून पुढची ओळ 16व्या कॉलमपासून चालू केलीस तरी सिस्टीम ते जोडून एकच सलग स्ट्रिंग (अक्षरांची माळ) करते. झेड-ओएस (मेनफ्रेमची ऑपरेटिंग सिस्टीम) 2.1 पासून पार्म फाईलमधून देणारं पार्मडीडी आलंय, त्यात 32,760 कॅरेक्टरपर्यंत जातं, पण तीही शेवटी एकच लांबलचक स्ट्रिंग, तुकडे तुलाच पाडावे लागणार.

किराणावाल्याला फोनवर "एक किलो साखर पाठवा" सांगतो ना, पार्म तेवढ्यासाठी ठीक. महिन्याचं सामान असेल तर यादीच द्यावी लागते, आणि इथली यादी म्हणजे सिसइन, प्रोग्रामला इनपुट द्यायची नेहमीची जागा. जेसीएलमध्ये तुझ्या प्रोग्रामच्या स्टेपखाली सिसइन नावाचं डीडी स्टार ("डेटा इथेच खाली आहे" सांगणारी ओळ) लिही, खाली एकेका ओळीवर एकेक कोड, शेवटी पहिल्या दोन कॉलममध्ये स्लॅश-स्टार. झालं. डेटाच्या एखाद्या ओळीची सुरुवातच दोन स्लॅशनी होत असेल तर मात्र यादी तिथेच संपली असं सिस्टीमला वाटतं, तेव्हा डीएलएम देऊन शेवटची खूण बदलायची.

आता कोबॉलकडे. ॲक्सेप्ट (इनपुट घ्यायची आज्ञा) लिहिलंस तर दर वेळी एक ओळ येते, पण यादी संपली हे ते धड सांगत नाही, म्हणून लोक शेवटी 9999 सारखी खोटी ओळ घालतात आणि मग कोणीतरी ती घालायला विसरतं. मी तरी सरळ फाईलच करतो : सिलेक्टमध्ये असाइन टू सिसइन, एफडीत (फाईलच्या वर्णनात) 80 कॅरेक्टरचा रेकॉर्ड, आणि ॲट एंड (फाईल संपली) येईपर्यंत रीड. 80 च का तर हे सगळं पंचकार्डावरून आलंय, आयबीएमचं 80 कॉलमचं कार्ड 1928 चं, आमच्याकडचे सीनियर अजून ओळीला कार्डच म्हणतात. एफडीत 100 टाकलंस तर ओपनलाच फाईल स्टेटस 39, म्हणजे लांबी जुळत नाही.

एक गोष्ट जपून, माझी अख्खी दुपार यात गेली होती. आयएसपीएफमध्ये (मेनफ्रेमवरच्या एडिटरमध्ये) नंबर ऑन असेल तर 73 ते 80 कॉलममध्ये ओळीचे नंबर जाऊन बसतात आणि तू 80 च्या 80 वापरत असशील तर ते डेटा म्हणून आत शिरतात. आधी अननंब ही कमांड मारून ते नंबर काढ.

जेसीएलमध्येच कोड लिहिणं हे टेस्टिंगपुरतं. प्रॉडक्शनला जाताना कोड पीडीएसच्या (लायब्ररीसारख्या डेटासेटच्या) एका मेंबरमध्ये, म्हणजे आतल्या एका फाईलमध्ये, ठेव आणि सिसइनला डिस्प शेअर (इतरांनाही वापरता येईल अशी खूण) देऊन तो मेंबर दाखव, म्हणजे उद्या 41वी ब्रँच आली तर जेसीएलला हात लावायला नको, आणि प्रोग्रामला तर नकोच नको.