खुडूक कोंबडीखाली विकतची पिल्लं सोडताना

ताई, कोंबडी खुडूक बसली, म्हणजे अंडी उबवायला जागा धरून बसली, म्हणून लगेच पिल्लं आणायला पळू नका. अंडी उबायला 21 दिवस लागतात. निदान दोन-अडीच आठवडे तरी ती जागेवर चिकटून बसलेली हवी. नुकतीच बसलेली कोंबडी पिल्लं स्वीकारेलच असं नाही. हात जवळ नेला की पिसं फुलवून गुरगुरते का, ते बघा. त्याआधी पिसांत उवा नाहीत ना, तेही तपासा.

पिल्लं एक-दोन दिवसांचीच घ्या. आठवड्याची झाली की ती तिला आई मानत नाहीत. गिरिराज जातीची असोत वा गावरान, तिला फरक पडत नाही.

सोडायची ती रात्रीच, पूर्ण अंधारात. एका हाताने खालचं अंडं काढायचं, दुसऱ्या हाताने पिल्लू पोटाखाली सरकवायचं. टॉर्च लावू नका. बारीक चिवचिव ऐकून ती हलक्या आवाजात क्लक-क्लक करू लागली की समजा, जमलं. तरी उजाडायच्या आत तिथे हजर राहा, खरी परीक्षा तेव्हाच. चोच मारून हाकलत असेल तर पिल्लं लगेच उचला. बल्ब लावलेलं खोकं आधीच तयार हवं. निफाडकडच्या थंडीत उघडं पिल्लू फार वेळ तग धरत नाही.

पाणी उथळ ताटलीत, त्यात खडे टाकून. खाद्य कोंबडी आणि पिल्लं दोघांनाही चिक स्टार्टरच, म्हणजे लहान पिल्लांचं खाद्य. लेअरच्या, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांच्या, खाद्यातलं कॅल्शियम पिल्लांना सोसत नाही. आणि डालग्यावर जाळी टाकाच, द्राक्षबागेच्या कडेला मुंगूस असतंच.