लॅपटॉपवरचा एआय: वाचकांचे प्रश्न

स्वतःच्या लॅपटॉपवर किंवा फोनवर चालणाऱ्या एआयबद्दल आलेल्या पत्रांतली पाच येथे घेतली आहेत. पत्रे थोडी आटोपशीर केली आहेत.

प्रश्न : मी तालुका न्यायालयात वकिली करतो. पक्षकारांचे कागद बाहेर जाऊ नयेत म्हणून संगणकावरच एआय चालवणाऱ्या एलएम स्टुडिओ या अॅपमध्ये गूगलच्या जेम्मा ३ चे चार अब्ज पॅरामीटरचे (पॅरामीटर म्हणजे मॉडेलच्या आतले आकडे; जितके जास्त तितके मॉडेल मोठे) मॉडेल टाकले. रॅम १६ जीबी, वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही. बारा पानी खरेदीखताचा गोषवारा मागितला तर चतुःसीमा आणि बोज्याचे कलम दोन्ही गायब! मोठे मॉडेल घेऊ का? आणि गोपनीयतेचा प्रश्न यातून खरोखर सुटतो का?
(वकील, सातारा जिल्हा)

उत्तर : मॉडेल बदलण्याआधी त्याच्यापुढे नेमके काय गेले ते पाहा. एलएम स्टुडिओमध्ये फाइल जोडली आणि ती लहान असेल तर सगळी दिली जाते. मोठी असेल तर तिचे तुकडे पाडून प्रश्नाशी जुळणारे मोजकेच तुकडे पुढे सरकवले जातात. 'मिळकतीवर बोजा आहे का?' अशा नेमक्या प्रश्नाला ही पद्धत चालते. गोषवाऱ्याला चालत नाही, कारण न निवडलेले तुकडे मॉडेलने वाचलेलेच नसतात.

दुसरी अडचण कॉन्टेक्स्टची, म्हणजे मॉडेल एका वेळी किती मजकूर विचारात घेऊ शकते त्याची. मॉडेल लोड होताना ही मर्यादा बहुधा ४,०९६ टोकनांवर (टोकन म्हणजे शब्दाचा तुकडा) असते. मराठी शब्द इंग्रजीपेक्षा जास्त टोकन खातो. शब्दाला दोन ते तीन धरा. म्हणजे उत्तराला जागा सोडून तीन-चार पाने बसतात. तुमच्या बारा पानांसाठी मर्यादा १६,३८४ करा. मॉडेलची फाइल साधारण साडेतीन जीबीची असल्यामुळे तुमच्या रॅममध्ये एवढे मावते. मर्यादा ओलांडल्यावर काय करायचे, याची निवडही त्याच सेटिंग्जमध्ये आहे. मधला मजकूर गाळण्याऐवजी 'थांबा' हा पर्याय घ्या. अडून बसलेले सॉफ्टवेअर परवडते, मुकाट्याने पाने गिळणारे नाही.

तरीही उत्तर भलतेच आले तर पीडीएफमधला एक परिच्छेद कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. रोमन अक्षरांची खिचडी दिसली तर दस्त श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप झालेला आहे. मॉडेल ते वाचू शकत नाही, पण तसे सांगतही नाही. खरेदीखतात सर्वसाधारणपणे जे असते ते लिहून देते. काहीच कॉपी होत नसेल तर तो नुसता स्कॅन आहे. दोन्ही वेळा ३०० डीपीआयवर प्रतिमा घेऊन टेसरॅक्ट या ओसीआर (चित्रातली अक्षरे ओळखणाऱ्या) सॉफ्टवेअरमधून, मराठीची फाइल निवडून, मजकूर काढा. गट नंबर, क्षेत्र आणि मोबदल्याची रक्कम मात्र मूळ कागदाशी डोळ्यांनीच ताडा. शिक्क्याखालचे अंक ओसीआर हमखास चुकवते.

गोषवारा एका दमात मागू नका. पक्षकार, मिळकतीचे वर्णन, मोबदला, बोजा असे वेगवेगळे विचारा आणि प्रत्येक उत्तराखाली दस्तातले मूळ वाक्य जसेच्या तसे द्यायला सांगा. ते वाक्य फाइलमध्ये शोधून सापडले नाही तर ते उत्तर बाद. निवाडे तर विचारूच नका. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एक आयकर आकारणी आदेश रद्द केला, त्यात आधार म्हणून दिलेले निवाडे अस्तित्वातच नव्हते. इंटरनेट नसलेले छोटे मॉडेल असे निवाडे आणखी सहज रचते.

बारा अब्जांचे मॉडेल तुमच्या लॅपटॉपवर चालेल, पण आठ जीबी त्यातच जातील आणि सेकंदाला एक-दोन मराठी शब्द उमटतील. हा वेग प्रोसेसरपेक्षा रॅमच्या बँडविड्थवर, म्हणजे तिच्यातून डेटा किती झपाट्याने येतो त्यावर, ठरतो. १६ जीबीची एकच पट्टी असेल तर ८ अधिक ८ केल्याने फरक जाणवतो.

आता गोपनीयता. मॉडेल घरात आहे. दस्त आहे का? विंडोजमध्ये डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर पुष्कळदा वनड्राइव्हशी जोडलेले असतात. दस्त तिथे ठेवला असेल तर तो एआयला दाखवण्याआधीच बाहेर गेलेला असतो. पक्षकारांच्या फायलींसाठी सिंक न होणारे फोल्डर करा आणि डिस्क एन्क्रिप्ट करा, कारण एलएम स्टुडिओमधले संवाद साध्या मजकुराच्या फायलींत साठतात आणि नोटपॅडमध्ये उघडतात. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मधले गोपनीयतेचे बंधन तुमच्या कारकुनालाही लागू आहे. तेव्हा त्याला विंडोजचे स्वतंत्र लॉगिन द्या.

प्रश्न : आमच्या कार्यालयातल्या एका संगणकावर ओलामा (आपल्याच संगणकावर एआय मॉडेल चालवणारे सॉफ्टवेअर) बसवले आहे, सहाजण वापरतात. घरूनही वापरता यावे म्हणून राउटरवर पोर्ट फॉरवर्ड केला, म्हणजे बाहेरून त्या संगणकापर्यंत वाट उघडली. पासवर्ड कुठे घालायचा ते सापडत नाही.
(सीए कार्यालय, ठाणे)

उत्तर : सापडणार नाही, कारण ओलामाच्या स्थानिक सर्व्हरला पासवर्ड नसतोच. मुळात ते फक्त त्याच संगणकाला उत्तर देते. तुम्ही 'नेटवर्कला खुले करा' ही सेटिंग चालू केली, तेव्हा कार्यालयातल्या सगळ्यांना ते खुले झाले. पोर्ट फॉरवर्ड केल्यावर जगाला. तपासून पाहा. फोनचे वायफाय बंद करून मोबाइल डेटावर ब्राउझरमध्ये कार्यालयाचा आयपी पत्ता, पुढे कोलनचे चिन्ह (:) आणि ११४३४ टाका. 'ओलामा इज रनिंग' असे दिसले तर तो पत्ता ठाऊक असलेला कोणीही तुमचे मॉडेल वापरू शकतो, पुसू शकतो, नवे उतरवू शकतो.

फॉरवर्डिंग आजच काढा. राउटरमधले यूपीएनपीही (अॅपना आपोआप पोर्ट उघडू देणारी सोय) बंद करा. घरून काम करायचे तर टेलस्केल किंवा वायरगार्ड हे व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारी खासगी वाट) वापरा. फायरवॉलमध्ये ११४३४ हा पोर्ट फक्त कार्यालयाच्या आणि या व्हीपीएनच्या आयपी पत्त्यांना उघडा. ओलामा जुने असेल तर आधी अद्ययावत करा. २०२४ मध्ये त्यात एक गंभीर भोक सापडले होते, ते ०.१.३४ आवृत्तीत बुजवले गेले. असे उघडे पोर्ट असलेल्यांनाच त्याचा सर्वाधिक धोका होता.

सहाजणांसाठी पुढे ओपन वेबयूआय (ब्राउझरमधून ओलामा वापरण्याचे सॉफ्टवेअर) बसवले तर प्रत्येकाला खाते आणि पासवर्ड मिळतो. पण मूळ सेटिंगमध्ये अॅडमिनला इतरांचे संवाद दिसतात, हे कर्मचाऱ्यांना आधी सांगा. आणि मॉडेलचे नाव नीट वाचा. ओलामाच्या यादीत 'क्लाउड' शेपूट असलेली मॉडेल तुमच्या संगणकावर चालत नाहीत. तिथे टाकलेला ताळेबंद बाहेर जातो.

प्रश्न : महिला समुपदेशन केंद्रात चाळीस-पन्नास मिनिटांची ध्वनिमुद्रणे व्हिस्पर या बोलणे लिहून काढणाऱ्या एआय मॉडेलने लॅपटॉपवरच मजकुरात उतरवतो. मध्येच एकच वाक्य दहादा येते, कधी कोणी न बोललेली वाक्ये येतात, कधी सगळे हिंदीत.
(समुपदेशक, कोल्हापूर)

उत्तर : बाई बोलता बोलता थांबतात, रडतात, तिथेच हे होत असणार. व्हिस्पर तीस-तीस सेकंदांचे तुकडे ऐकते आणि शांततेतही शब्द शोधते. शिवाय आधीच्या तुकड्याचा मजकूर पुढच्याला आधार म्हणून देते, त्यामुळे एकदा घसरले की तीच ओळ घोळवत बसते. शांतता वगळणारी व्हीएडी सुविधा चालू करा आणि आधीच्या मजकुराचा आधार बंद करा. भाषा 'मराठी' अशी स्वतः निवडा. आपोआप ओळखायला सोडली तर पहिल्या तीस सेकंदांवरच निर्णय होतो. 'ट्रान्सलेट' निवडलेले नाही ना तेही पाहा, त्याने सगळे इंग्रजीत येते. 'स्मॉल' मॉडेल मराठीला तोकडे पडते. 'लार्ज-व्ही३' तीन जीबीचे आहे आणि साध्या लॅपटॉपवर मूळ बोलण्याहून जास्त वेळ घेते. त्याचे 'टर्बो' रूप दीड-पावणेदोन जीबीत बसते आणि बरेच चपळ आहे.

उतरवलेला मजकूर ऐकून तपासल्याशिवाय फाइलला लावू नका. वाक्याच्या शेवटी हळू आवाजात म्हटलेला 'नाही' सर्वांत आधी गळतो. 'त्यांनी मारलं नाही' याचे 'त्यांनी मारलं' झाले तर काय होईल ते तुम्हाला सांगायला नको. नावे, तारखा आणि नकार या तीन गोष्टी शब्दशः ऐका. कोण बोलले हेही व्हिस्पर सांगत नाही, ते हातानेच लिहावे लागेल.

फोनवरून लॅपटॉपवर फाइल नेताना व्हॉट्सअॅप टाळा, केबल वापरा. व्हॉट्सअॅपने पाठवली की दोन्हीकडे प्रत राहते आणि बॅकअप चालू असेल तर गूगल खात्यातही जाते. मुद्रणाची संमती आणि ते एआयने उतरवण्याची संमती वेगवेगळी घ्या, त्यांना कळेल अशा भाषेत; आणि मूळ आवाज कधी पुसणार तेही सांगा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात घरगुती वापराला सूट आहे, संस्थेच्या कामाला नाही. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात. तोवर थांबण्याचे काही कारण दिसत नाही.

प्रश्न : माझ्या ६ जीबी रॅमच्या फोनवर इंटरनेटशिवाय एआय चालेल का? अभ्यासाला वापरायचा आहे.
(विद्यार्थिनी, नांदेड)

उत्तर : एक ते दोन अब्ज पॅरामीटरचे, चार बिटांचे (दाबून लहान केलेले) मॉडेल चालेल. ते दीड जीबीच्या आसपास जागा घेते. गूगलचे एआय एज गॅलरी हे अॅप सुरुवातीला ठीक. 'ऑफलाइन' म्हणवणाऱ्या कोणत्याही अॅपची परीक्षा सोपी आहे: मॉडेल उतरवून झाले की विमान मोड लावून प्रश्न विचारा. उत्तर आले नाही तर ते ऑफलाइन नाही. इंग्रजी वाक्य सुधारायला किंवा स्वतःच्या टिपणातून प्रश्न काढायला हे मॉडेल कामाचे. इतिहासातले सनावळे विचारू नका आणि मराठी लिहून घेऊ नका; एवढे लहान मॉडेल लिंग-वचनातच अडखळते.

प्रश्न : जुना लॅपटॉप विकायचा आहे. मॉडेल पुसली की झाले ना?
(वाचक, पणजी)

उत्तर : मॉडेल पुसले नाही तरी चालेल, उतरवलेल्या फाइलमध्ये तुमचे काही नसते. तुमचे असते ते संवादांच्या फायलींत आणि कागदपत्रे शोधता यावीत म्हणून अॅपने केलेल्या इंडेक्समध्ये. त्या इंडेक्सला आकड्यांची यादी समजू नका, त्यात तुमच्या कागदपत्रांतले परिच्छेद जसेच्या तसे असतात. विंडोजमध्ये 'रिसेट धिस पीसी' घ्या, 'सगळे काढा' निवडा आणि पुढच्या सेटिंगमध्ये ड्राइव्ह साफ करण्याचा पर्याय चालू करा. त्याला काही तास लागू शकतात, चार्जर लावून ठेवा. अॅपलची स्वतःची चिप किंवा टी२ चिप असलेल्या मॅकवर 'सर्व मजकूर आणि सेटिंग्ज पुसा' पुरेसे आहे. स्वतःच्या मजकुरावर मॉडेलला प्रशिक्षण दिले असेल तर त्याची बहुधा वेगळी अॅडॉप्टर फाइल (शिकवलेला भाग साठवणारी) असते. ती पेनड्राइव्हवर कोणाला दिली आहे का तेही आठवून पाहा, कारण तिच्यातून मूळ वाक्ये बाहेर येऊ शकतात.