एअरब्रशने खऱ्या दगडासारखा दाणेदार इफेक्ट कसा आणायचा? माझी गन फक्त बारीक स्प्रे सोडते, महागातली घेऊ का?

लगेच नका घेऊ. प्रेशर कमी करा. शेडिंगला २०-२५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) ठेवत असाल तर ८-१० वर आणा, रंग जरा घट्ट ठेवा आणि ट्रिगर नेहमीपेक्षा जास्त मागे ओढा. हवा कमी पडली की रंग नीट फुटत नाही, त्याचे थेंब होतात, बस एवढंच आहे.

याच्यावरून आमच्या घरात अजून वाजतं म्हणून लिहितोय. पेणजवळ हमरापूरकडे आमचा गणपतीचा कारखाना. चुलत भाऊ, म्हणजे दादा, शेडिंगला एक नंबर, सोवळ्याच्या चुण्या त्याच्यासारख्या कोणाला जमत नाहीत, पण गनमधून ठिपका पडला म्हणजे गन घाण झाली, सुई साफ कर, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलंय. एका वर्षी एका गिऱ्हाइकाला खडकावर बसलेला शाडूचा गणपती हवा होता आणि खडक अस्सल काळा दगड वाटला पाहिजे ही अट. दादाने करड्यावर काळी शेड मारली, इतकी गुळगुळीत की खडक कसला, साबणाची वडी. तो जेवायला गेला तसा मी प्रेशरचा रेग्युलेटर खाली आणला, आधी काळे ठिपके, मग थोडे विटकरी, शेवटी पांढरे, पांढरे अगदी मोजके हां, जास्त झाले की सगळा खडक पिठूळ दिसतो. मोठे ठिपके हवे तिथे गन जवळ, विरळ हवे तिथे लांब. दादा आला आणि म्हणतो काय, गन थुंकतेय, कोणी हात लावला? गिऱ्हाईक मात्र बोट फिरवून बघत होतं, खरंच खरबरीत आहे का म्हणून.

दादा आजही म्हणतो टूथब्रशने पण झालं असतं. झालं असतं, पण टूथब्रशचा ठिपका कुठे उडेल ते देवाला ठाऊक, आणि मूर्तीच्या खाचेत तो जातच नाही.

पैसे घालायचेच तर कॉम्प्रेसरवर घाला, टाकी आणि रेग्युलेटरवाला. बिनटाकीच्या छोट्याची हवा हबके मारत येते, मग ठिपके त्याच्या मर्जीने पडणार. खास ठिपक्यांसाठी स्पॅटर कॅप पण मिळते, मला कधी गरज वाटली नाही. काही जण पुढची टोपी काढून मारतात, इफेक्ट भारी येतो पण सुईचं टोक उघडं पडतं, कुठे टेकलं की वाकलंच. आणि ०.२ मिमीच्या नोझलमध्ये, म्हणजे रंग बाहेर पडतो त्या तोंडात, घट्ट रंग अडकतो, ०.५ असेल तर बरं, म्हणजे तुमची ०.२ असेल तर गन बदलायला लागेल कदाचित, ते बघा.

हो, आणि खडक आधी करा, अंग नंतर. अंग रंगवून झालं असेल तर प्लास्टिक गुंडाळा, ताज्या रंगावर टेप नको, रंग सोलून येतो. पहिला फवारा पुठ्ठ्यावर, कारण प्रेशर फारच उतरवलं तर ठिपक्यांऐवजी ओघळ येतात. मास्क लावा. दादा लावत नाही, त्याचं याही बाबतीत ऐकू नका.