नवरा घरी असेल, तर चाइल्ड बेनिफिटचा अर्ज त्याच्या नावाने करा

इंग्लंडमधल्या रेडिंगच्या एका मैत्रिणीने लिहिलंय: "ताई, धाकटी झाल्यावर माझी रजा संपत आली, तेव्हा नोकरी त्याने सोडायची असं आम्ही दोघांनी ठरवलं. नर्सरीचे पैसे भरून त्याच्या पगारातलं उरत तरी काय होतं? घर तो छान सांभाळतो. पण सासूबाई दर रविवारी फोनवर 'लागली का रे नोकरी' विचारतात. मंडळाच्या गणपतीत कोणी 'सध्या काय करतोस' म्हटलं की तो गप्प होतो. आणि मी घरी येते ती इतकी दमून, की धड बोलणंही होत नाही."

वाचून जीव कळवळला गं. पण खरी काळजीची गोष्ट तू शेवटी एका ओळीत उरकलीस: "पैशाची अडचण नाही, माझा पगार ८०,००० पौंडांच्या वर आहे. म्हणून चाइल्ड बेनिफिट, म्हणजे मुलांसाठीचा सरकारी भत्ता, मिळत नाही आणि आम्ही अर्जही केला नाही."

इतकी शिकलेली मुलगी तू, हे कसं केलंस? पैसे मिळणार नसले तरी अर्ज करायचा असतो. मूल १२ वर्षांचं होईपर्यंत, ज्याच्या नावाने अर्ज असेल त्याला नॅशनल इन्शुरन्सची क्रेडिट्स मिळतात, म्हणजे हप्ते न भरताही ती वर्षं सरकारी पेन्शनसाठी धरली जातात. तुझे हप्ते पगारातून जातातच, तुला या क्रेडिट्सचा उपयोग नाही. त्याला आहे. अर्जात 'पैसे नकोत, नोंद हवी' असा पर्याय असतो, तो निवडायचा. पूर्ण सरकारी पेन्शनला ३५ वर्षं भरावी लागतात. आपण तिशीत इथे आलेली माणसं. तुमच्या वयाच्यांना पेन्शन ६८व्या वर्षी, म्हणजे मोजून ३८ वर्षं हातात. त्यातली पाच-सहा कोरी गेली, तर पूर्ण पेन्शन गेलंच. पुण्यातल्या नोकरीची वर्षं इथे धरत नाहीत. आणि उशिरा केलेला अर्ज फार तर ३ महिने मागे जातो, म्हणून हा आठवडा दवडू नका.

(तुमची कायम राहण्याची परवानगी झाली आहे, म्हणून हे सांगते. ज्यांच्या व्हिसावर सरकारी लाभ न घेण्याची अट आहे, त्यांनी हा अर्ज करू नये.)

माझा भाऊ लेस्टरला मुलांसाठी घरी राहिला. वहिनी रुग्णालयात नोकरीला. बाळंतपणात मिळालेल्या कागदांमधला हा अर्ज तिने स्वतःच्या नावाने भरून टाकला, सगळ्या आया भरतात तसा. भावाची नोंद कोरी राहिली आणि क्रेडिट्स त्याच्याकडे वळवायला पुढे वेगळा अर्ज करावा लागला. बाप घरी राहील हे त्या वॉर्डात कोणाच्या मनातही येत नाही, म्हणून आपणच लक्ष ठेवायचं.

दुसरं, त्याच्या नावावर खाजगी पेन्शन सुरू कर. कमाई नसलेल्या माणसालाही वर्षाला २,८८० पौंड भरता येतात आणि सरकार त्यात भर घालून ते ३,६०० करतं. शिवाय दर महिन्याला ठरावीक रक्कम त्याच्या खात्यात जाऊ दे, हिशेब न विचारता. माझी आई जन्मभर घरात राबली. बाबांनी पैशाला कधी नाही म्हटलं नाही, पण भाचीच्या लग्नात आहेर करायचा तरी तिला मागावं लागे. मागताना तिचा आवाज बदलायचा. तुझ्या नवऱ्याचा आवाज तुझ्यापुढे तसा बदलू नये, एवढीच माझी तळमळ आहे. मंडळात तो गप्प होतो त्याचं मूळही मला यातच दिसतं.

सासूबाईंना उत्तर त्याने स्वतः द्यावं: "आई, नोकरी गेली नाही, मुलांसाठी सोडली आहे." तू मध्ये पडू नकोस. सुनेने सांगितलं तर ती तक्रार वाटते. मंडळातल्या लोकांचं फार मनावर घेऊ नका, त्यांना पुढच्या वर्षी दुसरा विषय मिळेल.

आणि दमून येतेस ते मान्य, पण शनिवारची सकाळ मुलांसकट तुझी. त्याला घराबाहेर जाऊ दे, कुठे जातो ते विचारू नकोस. अर्ज झाला की मला कळव, मी वाट बघते.