हिरवा इग्वाना घोरपडीच्या भावकीतला आहे का?

प्रश्न : आमच्या इमारतीतील एका कुटुंबाने हिरवा इग्वाना पाळला आहे. हा घोरपडीचाच परदेशी प्रकार आहे, असे ते सांगतात. हे खरे आहे का? फ्लोरिडात हे प्राणी थंडीत झाडांवरून खाली पडतात, असेही ऐकले; ते कशामुळे? – एक वाचक, पुणे

उत्तर : आकारामुळे असा समज होणे स्वाभाविक आहे, पण भावकी पाहिली, तर इग्वाना घोरपडीपेक्षा कुंपणावर मान हलवत बसणाऱ्या आपल्या सरड्याला अधिक जवळचा आहे. घोरपडीची जीभ सापासारखी दुभंगलेली असते आणि ती किडे, अंडी, उंदीर, प्रसंगी मेलेली जनावरेही खाते. इग्वानाच्या पाठीवर काट्यांची रांग असते, गळ्याखाली कातडीची झोळ लोंबते, कानाच्या खाली एक मोठा गोल खवला असतो आणि त्याचा आहार मुख्यतः पाने, फुले व फळे हा असतो.

पाने पचवणे सोपे नाही. ते काम इग्वानाच्या मोठ्या आतड्यातले सूक्ष्मजीव करतात. पिल्लू अंड्यातून बाहेर येते तेव्हा ते त्याच्या पोटात नसतात. मोठ्या इग्वानांची विष्ठा खाऊन पिल्ले ते मिळवतात, असे पनामातील अभ्यासात आढळले. (ऐकायला किळसवाणे वाटते खरे, पण गाईगुरांप्रमाणे आईच्या अंगाला अंग घासून वाढण्याची सोय या पिल्लांना नसते.) हे सूक्ष्मजीव उबेतच नीट काम करतात आणि स्वतःच्या शरीरात ऊब निर्माण करणे इग्वानाला जमत नाही, म्हणून तो उन्हात अंग तापवून घेतो. मेक्सिकोपासून ब्राझीलपर्यंतच्या त्याच्या मूळ प्रदेशात, नदीकाठच्या उंच झाडांवर, उन्हाला तोटा नसतो.

फ्लोरिडात मात्र तो उपरा आहे. १९६०च्या दशकापासून तेथे आढळणारे इग्वाना हे पाळलेल्यांपैकी सुटलेल्या किंवा सोडून दिलेल्या प्राण्यांचे वंशज आहेत. पारा ४-५ अंशांपर्यंत उतरला, की त्यांचे स्नायू आखडतात, फांदीवरची पकड सुटते आणि ते खाली पडतात. जानेवारी २०२० मध्ये तेथील हवामान खात्याने तसा इशाराही दिला होता. त्यांतले बरेचसे मेलेले नसतात, ऊन लागताच हालचाल करू लागतात. तेथील लोकांची खरी तक्रार वेगळीच आहे : त्यांच्या बिळांमुळे कालव्यांचे काठ व समुद्रालगतच्या भिंती खचतात. याउलट मध्य अमेरिकेत त्याला ‘झाडावरची कोंबडी’ म्हणून आवडीने खातात आणि शिकारीमुळे तो इतका कमी झाला, की १९८०च्या दशकात पनामामध्ये दागमार वेर्नर या संशोधिकेने त्याची पैदास करून पिल्ले जंगलात सोडण्याचा प्रयोग हाती घेतला.

पुण्यात हिवाळ्याच्या रात्री पारा १० अंशांच्या आसपास येतो, तेव्हा आपल्या शेजाऱ्यांनी पिंजऱ्यात उबेची सोय केली आहे का, हे विचारावे. खिडकीच्या काचेतून येणारे ऊनही पुरत नाही, कारण काच अतिनील किरण अडवते. ते न मिळाल्यास ड जीवनसत्त्व तयार होत नाही आणि हाडे मऊ पडून वाकतात. हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत, कारण साल्मोनेला जंतू निरोगी इग्वानाच्या विष्ठेतही असू शकतात. शिवाय हा प्राणी वन्यजीव व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत असल्यामुळे, वन्यजीव संरक्षण कायद्यातील २०२२च्या दुरुस्तीनंतर आणि २०२४च्या नियमांनुसार, तो बाळगणाऱ्याला केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. घोरपडीला मात्र अशी नोंदणीची वाटही नाही. ती पाळणे हा सरळ गुन्हा आहे, त्यामुळे ‘आमच्याकडे घोरपडीचा प्रकार आहे’ असे चारचौघांत सांगणे आपल्या शेजाऱ्यांनी थांबवलेलेच बरे.